वळिवड्याच्या तात्याचं पत्र

तादेउश हे नाव आमच्या जिभेला पेललं नाही,
म्हणून तात्या.
वळिवड्याच्या कॅम्पातला पोलिश माणूस.
दर गुरुवारी सायकल मारत शनिवार पेठेत यायचा
आणि बाबालाल जमादारांच्या बँडच्या खोलीत
खुंटीवरचा ट्रॉम्बोन काढून फुंकायचा,
डोळे मिटून, बूट काढून.
बूट का काढतो, ते आम्ही कधी विचारलं नाही.

अठ्ठेचाळीसच्या थंडीत त्याचं पत्र आलं, बेल्जियमहून.
कोळशाच्या खाणीत लागलोय, लिहिलं होतं.
इंग्रजीचे हुपरीकर मास्तर चष्मा पुसून वाचायला लागले.
मी तेरा वर्षांचा,
झांजांना चिंच लावत ऐकत होतो.

"अमेरिकेहून बँड आला होता.
अठरा माणसं, सगळी काळी, सूट फिकट निळे.
हॉलच्या खिडक्यांना काचांऐवजी फळ्या.
आम्ही ओव्हरकोटात बसलेलो.
पाच सॅक्सोफोनवाले एकदम उभे राहिले
तेव्हा त्यांच्या तोंडची वाफ भोंग्यांतून निघाल्यासारखी दिसली.
मग एक क्लॅरिनेट खालून चढत गेली,
कुठं पायरी नाही, कुठं श्वास नाही,
थेट सायरन.
अर्धा हॉल खुर्च्यांखाली वाकला.
माझ्या शेजारच्या बाईनं पर्स डोक्यावर धरली.
वाजवणारा थांबला नाही.
त्यानं तो सूर हळूहळू खाली आणला,
मांजरानं पिलू उचलून आणावं तसा,
आणि आमच्या पायाशी ठेवला.
मग आम्ही हसलो.
किती तरी वेळ हसत राहिलो."

मास्तरांनी पान उलटलं.

"दुसऱ्या दिवशी त्यांचा ट्रम्पेटवाला भेटला, हॉटेलाच्या पायरीवर.
म्हणाला, तिकडं आमच्या गावी टाळ्या स्टेजवर
आणि आत यायचं ते स्वयंपाकघराच्या दारानं.
इथं पुढच्या दारानं घेतात.
सकाळपासून तो तीन वेळा
उगाच बाहेर जाऊन आत आला होता."

शिदू आवळे कोपऱ्यात हलगी शेकत होता.
एवढा वेळ गप्प.
"मास्तर, ते दाराचं परत वाचा."
मास्तरांनी वाचलं.
"किती डाव म्हनला?"
"तीन."
शिदूनं हलगी उलटी करून जाळावर धरली.

तात्याला उत्तर गेलं नाही.
पत्त्यावर माझ्या चिंचेचा थेंब पडला होता,
हे मी आज पहिल्यांदा सांगतोय.

बाबालालभाईंच्या डोक्यात मात्र ती सायरन बसली.
रात्री-अपरात्री क्लॅरिनेटच्या भोकांवरून बोटं घसरवायचे,
शेजारी भिंत बडवायचे.
आणि माघातल्या एका वरातीत, ऐन गंगावेशीत,
त्यांनी ती चढवली.

घोडं बिथरलं.
नवरदेव मुंडावळ्यांसकट रंकाळ्याच्या दिशेनं,
त्यामागं वऱ्हाड, मामा, पेट्रोमॅक्सवाले.
अंधारात आम्ही आठजण.
तेव्हा शिदूनं ठोका धरला,
पाऊल पडतं तिथला नव्हे,
उचलतं तिथला.
बाबालालभाई सूर खाली आणत होते, सावकाश.
झांज कुठं मारायची ते मी विसरलो
आणि बरोबर तिथंच मारली.

बिदागी बुडाली. जेवण मिळालं.
आम्हाला मांडवाच्या कडेला पानं,
शिदूला मागं, चुलाणापाशी, नेहमीसारखं.
मी बुंदीचा लाडू फोडत होतो.
शिदू उठला. पत्रावळ जाग्यावर ठेवली,
मांडवाला वळसा घालून
पुढच्या केळीच्या कमानीखालून आत आला.
कुणी काही बोलायच्या आत बाहेर गेला.
परत आला.
यजमानांच्या हातातली पळी वरच्या वर थांबली.
बाबालालभाईंनी आपलं पान थोडं सरकवलं,
शेजारी एका माणसाची जागा झाली.
शिदू पुन्हा बाहेर गेला होता.

मी कमानीकडं बघत
मोजत होतो.