पुरे म्हणायची रीत

सूरच्या सरकारी इस्पितळात पाच लिफ्ट आहेत
आणि त्या बिघडल्या की मी.
एकोणीस वर्षं झाली.
दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं
दार उघडल्यावर आधी काय करतात
यावरून मी त्यांचा मुलूख सांगतो.
मारिसेल सिस्टर हसते, घाबरली असली की जास्तच.
अकाउंट्सचे शिवदासन घड्याळ बघतात.
इजिप्तचे डॉक्टर भांडतात,
भांडून झालं की गळ्यात पडतात.

एकदा आमच्या विट्याकडचा पोरगा निघाला आतून,
तासभर अंधारात, घामानं न्हालेला,
म्हणाला, "तसं काही नाही, बरा होतो मी."
बरा होतो!
त्याला पाणी दिलं तर म्हणाला, नको.
मी पुन्हा दिलं.

कारण आमच्यात नको तीनदा म्हणावं लागतं.
पहिलं रीत म्हणून,
दुसरं आई शेजारी बसलीय म्हणून,
तिसरं खरं,
तोवर ताटात पोळी पडलेली असते.

इथं त्याला शब्दच नाही.
कहव्याची इवलीशी वाटी
मनगटातून दोनदा हलवायची, म्हणजे पुरे.
नाही हलवली तर ओतत राहतात.
हे मला खल्फानच्या साखरपुड्यात कुणी सांगितलं नाही.
मी नको नको म्हणत अकरा वाट्या प्यायलो
आणि पहाटेपर्यंत पंख्याची पाती मोजली.
तीनच होती.

मग खल्फानचे वडील गेले.
लाकडाची गलबतं बांधायचे,
बोटाची दोन पेरं रंध्यानं नेलेली.
लोक सबल्यात जमलेत म्हणाले.
सबला म्हणजे बैठकीचं दालन,
मला इतकी वर्षं वाटायचं कुणी खमकी बाई असेल.

भिंतीला टेकून पांढऱ्या दिशदाशांची रांग.
कुणी रडत नव्हतं.
मीच आपला डोळे पुसायला रुमाल घेऊन गेलेला,
तो खिशातच घडी राहिला.
बारा वर्षांचा नातू दल्ला घेऊन फिरत होता.
वाटी हलवायची मला आता येत होती,
पण मेलेल्या माणसाच्या दारात
पुरे कसं म्हणायचं?
सात वाट्या झाल्या.

मग मी उठलो आणि गुपचूप निघालो.
सुतकाच्या घरून असंच निघतात.
येतो म्हणत नाहीत,
असल्या कामाला पुन्हा कोण येईल, म्हणून.

गाडीपाशी पोचलो तर मागून खल्फान,
अनवाणी, तापलेल्या वाळूवरून.
"ज़अलान?" त्यानं विचारलं. रागावलास?
आमचं काही चुकलं?

माझ्याकडे ब्रेकची अरबी आहे, दाराची आहे,
सुट्या भागांची पुष्कळ आहे.
सुतक त्या पेटीत नाही.
मी हातांनी सांगितलं, दार दाखवलं, तोंडावर बोट ठेवलं,
पुन्हा यायचं नाही अशी मान हलवली.

त्यानं नीट ऐकून घेतलं.
म्हणाला, "म्हणजे तू पुन्हा येणारच नाहीस?"

त्याचा चेहरा असा झाला
की माझ्या तोंडून सुटलंच :
येतो.
मराठीत, मोठ्यानं, सुतकाच्या दारात,
जन्मात पहिल्यांदा.
त्याला काय कळलं कोण जाणे.
हात मात्र त्यानं बराच वेळ सोडला नाही,
पुरुषाचा हात इतका वेळ हातात राहिला
की माझा खांदा अवघडला.

माणसांचे मुलूख मी सांगतो म्हणालो खरं.
त्या रात्री मी घरी तीनदा फोन लावला,
सगळे बरे आहेत ना, एवढंच विचारायला.
तिसऱ्यांदा लावला तेव्हा तिकडे साडेअकरा होऊन गेले होते.
ताई वैतागली, "बरे आहोत रे, झोप आता."

झोप कुठली.
पोटात सात वाट्या होत्या.