नेलाम्सोर

माझ्या बापाचं आडनाव रोस्मालेन.
साखर कारखान्यात उसाच्या काट्यावरचा साहेब,
पेकलोंगानपासून बैलगाडीनं दीड दिवस.
त्यानं मला नाव दिलंच नाही, असं म्हणता यायचं नाही.
दिलं. शेपटीकडून.
कचेरीत कारकुनानं एकेक अक्षर मागून मोजत आणलं,
टाक झटकला, थेंब उडाला
माझ्या जन्मतारखेवर:
फ्रेडेरिका नेलाम्सोर.
असं आडनाव हॉलंडात कुणाचंच नाही.
जावात दोघांचं होतं, माझं आणि लोडेवाइकचं,
आणि लोडेवाइक तापात गेला.

आई मला अहो म्हणायची.
पोटच्या पोरीला.
मान खाली घालून, दरबारी जावानीजमध्ये:
नोनी, जेवलात का? नोनी, पाय पुसून घ्या.
मी तिला अगं म्हणायचे, घराची शिस्तच तशी,
आणि पाहुणे आले की तेही नाही.
ती मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसे
आणि मी पुढं, चावणाऱ्या बुटांत.
शाळेत बाईंनी विचारलं, हे केस कुणाकडून आले?
मी म्हटलं, माझेच आहेत.

नवव्या वर्षी पाटी धरली
साहेबाच्या दाढीच्या आरशासमोर.
आणि नाव सरळ झालं!
रोस्मालेन, पहिल्यापासून शेवटपर्यंत,
फक्त अक्षरं पाठ फिरवून उभी.
तीनच तेवढी तशीच राहिली,
माझ्याकडे तोंड करून:
ओ, एम, आ.
ओमा. म्हणजे आजी.
असेल बाई कुठल्याशा थंड गावात,
तिला कुणी कळवलंही नसेल.
मी आरशाला हळूच म्हटलं,
अहो, मी आलेय.

पुढं साहेब बोटीनं गेला. आरसाही गेला.
पाटी राहिली.

आईला वाचता येत नव्हतं.
नक्षी बरी आहे, एवढंच म्हणाली.
मग कितीतरी दुपारी
तांब्याच्या चोचीतून मेण सोडत
ती ते नाव सरोंगच्या काठावर ओढत बसली.
एक बाजू भरली की कापड उलटायची,
पाठीमागूनही तीच रेघ, त्याच रेघेवर.
मी म्हटलं, अगं, इकडून ते दुसरंच नाव होतं.
कुणाचं, ते तिनं विचारलं नाही.
आमच्या कापडाला उलटी बाजू नसते, म्हणाली,
आणि हात मागं घ्या, नोनी,
मेण गरम आहे.