मागची गाडी

पहाटे पाच दहाला वाशीहून सुटलो
तेव्हा आम्ही हजारभर होतो.
आता पाम बीच रोडवर मी,
माझ्यामागे एक रुग्णवाहिका,
आणि तिच्यामागे नारंगी शंकू उचलत येणारा टेम्पो.

मी धावते, असं मी म्हणते.
शेजारच्या हुलावळे काकू म्हणतात, "चालतेस ना गं?"
चालणं नाही हे.
चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो.
माझे दोन्ही हवेत असतात,
क्षणभर, कुणाला दिसणार नाही इतकेच,
पण असतात.

सानपाडा येईतो सगळे पुढे गेले :
ढोपराला निळी पट्टी बांधलेले सत्तरीचे गृहस्थ,
कुणाच्या तरी मोडलेल्या साखरपुड्यावर अखंड बोलणाऱ्या दोन मुली,
केळ्याच्या वेषातला एक माणूस.
जाता जाता केळं म्हणालं, "कीप इट अप, मॅडम."
राग आला नाही.
रागाला श्वास लागतो.

नवव्या किलोमीटरला हिशेब सुरू झाला.
एरवी कांदा-बटाटा मार्केटात दुसऱ्यांचा लिहिते :
गोणी, तोलाई, हमाली, वाराई.
आज माझा.
किलोमीटरला नऊ मिनिटं चाळीस सेकंद,
गुणिले एकवीस, वर थोडं,
साडेतीन तासांतून वजा.
शिल्लक सहा मिनिटं.
त्यात एकदा नाडी बांधता येईल
किंवा एकदा रडता येईल.

किल्ले गावठाणला वळसा.
पाय पडला की टिटवीसारखी ओरडणारी ती चटई
एक मुलगा गुंडाळत होता.
मला पाहिलं
आणि पुन्हा अंथरली,
एकटीसाठी, कोपरे पायाने दाबून.
माझं थँक्यू अर्धंच निघालं.

परतताना उजाडलं.
डावीकडे खाडी, ओहोटीचा वास,
चिखलात कांदळाची उभी मुळं.
मागची गाडी शेजारी आली.
"बाय, बसतंस का गाडीन? एसी हाय."
मान हलवली, नाही.
तरी तो गेला नाही. हिराजी मढवी,
खिडकीबाहेर कोपर टाकून, माझ्या वेगाने गाडी हाकत
बोलत राहिला.
इथेच कुठेतरी त्याच्या बापाचं मिठागर होतं.
लहानपणी बांधावर पळाला की बाप फोकाने मारायचा,
धावलं की बांध फुटतो म्हणून.
"आन् तुम्ही पैसं भरून धावताव. किती भरलंस?"
"चौदाशे."
तो पुढच्या खांबापर्यंत हसत होता.
मीही हसले असते, पण बरगडीत कळ होती.
ओठांवरून जीभ फिरवली :
खरखरीत, पांढरं, कानामागपर्यंत वाळलेलं.
कुणाचं, कोण जाणे.

अठराव्याला त्याचा वायरलेस खरखरला.
पुढे कुणीतरी पडलं होतं.
त्याने हात दाखवला, सायरन लावला,
आणि शेवटी त्यानेही मला मागे टाकलं.

टेम्पोही कधीचा दुसऱ्या लेनने निघून गेलेला.
मागे वळून पाहिलं. रस्ता.
आयुष्यात पहिल्यांदा
माझ्यामुळे कुणी खोळंबलेलं नव्हतं.
घरी दूध तापवायला कुणीतरी उठलं असेल,
किंवा नसेल उठलं, उतू जाईल, जाऊ दे.
पावलं ऐकू येत होती.
डावं जरा जास्त वाजतं, हे मला माहीत नव्हतं.

मोराज सर्कलला सिग्नल चालू झालेला.
हवालदार म्हणाला, "ताई, फुटपाथवरून."
मग फुटपाथवरून :
बाकडं, इडलीवाल्याची सायकल, उघडं गटार,
लॅब्राडोरला फिरवणारे एक काका, ज्यांनी कुत्र्याला बाजूला ओढलं
आणि स्वतः टाळ्या वाजवल्या, बहुतेक माझ्यासाठी.

कमानीतली हवा काढली होती.
ती रस्त्यावर आडवी, मधूनच फुसफुसत.
घड्याळाची वायर कुणीतरी कोपराभोवती गुंडाळत होतं.
मी कमानीवरून गेले.
खोक्यातून एका मुलीने पदक काढून दिलं,
"किती वेळ लागला, काकू?"
म्हटलं, बघितलं नाही.

कठड्यावर बसले.
उजवी नाडी सुटलेली होती.
कधीची, काय माहीत.