सगळ्यांच्या तोंडी

चौथ्या डिस्कचा दिवा हिरव्याचा नारिंगी झाला
तेव्हा कुरखेड्यात रात्रीचे सव्वादहा,
आणि मी डब्यातली जवसाची चटणी बोटाने पुसत होते.

एकशे बारा गावांचं रक्त आहे या कपाटात.
रक्त नाही, रक्ताचे निकाल:
कोणाला सिकल, कोण वाहक, कोण साफ,
कोणत्या पोरीला कोणत्या महिन्यापासून कोणती गोळी.

काही गेलेलं नाही,
हे डॉक्टर उसेंडींना तीनदा सांगावं लागलं.
तेंदूच्या फळीवर मुंशी पुड्यांची बेरीज मांडून ठेवतो ना जी,
एकाचा आकडा पुसला तरी
बेरजेतून बाकीचे वजा केले की तो निघतो. तसं.
"मग काढ ना," ते म्हणाले.

काढतच होते.
पडद्यावर लिहिलेलं: उरलेला वेळ एकवीस तास.
तिघी सांगणाऱ्या, लिहिणारी नवी, एकटी.
तिचा हात चालेल तेवढाच वेग.
आणि त्या तिघी एकाच खोक्यातून आलेल्या, एकाच वयाच्या,
त्यातल्या एकीच्या पोटात आधीच खरखर.
ती गेली असती मध्येच, तर वजा कशातून करणार?
दीडला लाइन गेली. बॅटरीने तोललं.
मी स्टुलावर बसून आकडा पाहत राहिले:
अकरा टक्के. अकरा. अकरा.

तेव्हा झिंगरमामा आठवला.

मामा वडशाच्या कंपनीत प्रॉम्प्टर.
एका मंडईच्या रात्री खलनायकाचे सांधे धरले,
किरपाल नन्नावरे, जीपमध्येच आडवा, कण्हत.
वही शेतातल्या चिखलात पडलेली.
मॅनेजर म्हणाला, एका पोराला बसवा, पाठ करू द्या.
मामा म्हणाला, पोराचं पाठ होईल तोवर कोंबडा आरवेल.
ज्याचं वाक्य किरपालच्या वाक्याला लटकलेलं
त्याला ते येतंच. ज्याने त्याने आपापलं सांगा, एकदम सांगा.
आणि ज्याला ज्या प्रवेशात काम नाही
त्याने त्या प्रवेशात खलनायक व्हायचं.
"आणि तो नुसता खर्रा घोटतो, तिथलं कायले पाठ करता?"
पाऊण तासात पडदा उघडला.
एकच मिशी, सात ओठ.
हवालदाराच्या, सासऱ्याच्या, शेवटी तर लावणीवालीच्या.
धान कापून आलेली चार गावं
सकाळपर्यंत त्या मिशीला शिव्या देत होती.

एकवीसचे तेवीस तास झाले. वाचलो.

नवं कपाट आलं, बारा डिस्कचं.
नागपूरचा पोरगा म्हणाला, मॅडम, एक राखीव ठेवू, रिकामी.
म्हटलं, राखीव माणूस विंगेत झोपतो.
ती रिकामी जागा बारांमध्ये वाट, चिमूट चिमूट.
दर तुकड्याचे सोबती वेगळे पाहिजेत,
म्हणजे एक पडली की अकरा जणी थोडं थोडं सांगतील
आणि त्याच अकरा जणी थोडं थोडं लिहितील.
आणि जिथे काही लिहिलेलंच नाही ती पानं सोडून दे.
तो माझ्याकडे पाहत राहिला.
हे कुठे शिकलात?
वडशाला, म्हटलं.

वैशाखात सातवी गेली. मंगळवार, ओपीडीची रांग दारापर्यंत.
कोणी मला विचारलंही नाही.
एक तास दहा मिनिटं.

मामाला फोन केला. त्याला आता कमी ऐकू येतं.
"मिशी कोणी लावली?" एवढंच ओरडला,
आणि स्वतःच खोकेपर्यंत हसला.

मग नीट आलं की नाही पाहायला
मधलीच एक नोंद उघडली, डोळे मिटून, कोणतीही.
नन्नावरे, ओवी किरपाल. वय नऊ.
पित्याचा व्यवसाय: नाटक, पूर्वी.
निकाल: वाहक.