पेरू

"पेरू पळाला!" आल्डो गडग्यापलीकडून ओरडला,
तेव्हा माझा कुडाळचा भाचा पोट धरून हसला.
त्याचा पेरू झाडाला लागतो,
आतून लाल निघाला तर नशीब.
पारोड्यातला पेरू डिसेंबरात अंग धरतो,
गळ्याखाली लाल झालर लोंबवत
अंगणातून मामलेदारासारखा फिरतो,
आणि चोवीस तारखेच्या दुपारी
चोच उघडून त्याला काजूची फेणी पाजतात.
मांस मऊ होतं म्हणे.
आणि त्याला कळत नाही.

याच्या पोटात फेणी उतरली तशी
याला पंखांची आठवण झाली.
पिएदादबाई सुरी पाजळून बाहेर आली
तर अंगणात नुसती दोरी.

"पोरांना घेऊन जाऊ," इनास म्हणाला.
त्याच्या बापानं त्याला असंच नेलं होतं,
सातव्या वर्षी, रानडुकराच्या मागावर.
ती बंदूक कुठल्याशा निवडणुकीत ठाण्यावर जमा केली
ती तिथेच राहिली.
म्हणून आम्ही निघालो
आंबे काढायची घळ घेऊन,
आल्डो, भाचा, माझी शलाका,
तिच्या खांद्यावर तिच्याहून मोठं गोणपाट.

टेकडीच्या पायथ्याशी इनासनं धडा दिला:
पाय पानावर नको, मुळावर टाका.
वारा तोंडावर घ्या.
बोलायचंच झालं तर मनात बोला,
तेही कोकणीत. मराठी लांबवर ऐकू जाते.
(हे माझ्याकडे बघून.)

करवंदीत एक पीस सापडलं.
ते कोणी ठेवायचं यावरून मारामारी झाली.
आल्डोनं तोंडाचा चंबू करून गळ्यातून साद घातली,
आम्ही सगळे श्वास धरून उभे,
आणि खालून उत्तर आलं
पावाच्या सायकलचं, पोंय पोंय.
मग काजूच्या रानात
संध्याकाळ जमिनीकडून वर चढत गेली,
आधी आमचे पाय दिसेनासे झाले.

शलाका एका झाडाखाली थांबली.
मान वर.
मीही पाहिलं, तिच्या नजरेच्या टोकाला,
फांदीवर एक गच्च काळा गोळा,
झाडालाच गलगंड झाल्यासारखा,
हळू झुलत होता. झिंगलेला. जिवंत.
तिनं माझ्याकडे पाहिलं.
"इथे काही नाही," ती म्हणाली,
स्पष्ट, कोकणीत.
मी म्हटलं, "चला पुढे."
इनासनं बॅटरी विझवली. सेल संपले म्हणाला.
उतरताना तीच बॅटरी
घरापर्यंत लख्ख जळत होती.

रात्री पिएदादबाईनं कोंबडीचं शाकुती केलं,
आणि वाढताना एकेकाच्या ताटाकडे असं पाहिलं
की आम्ही दोनदा मागून घेतलं.

सकाळी देवळीची घंटा थांबायच्या आत
शलाका मूठभर कोंडा घेऊन गेली.
मी मागून गेलो, जरा अंतर ठेवून.
झाडाखाली पिसं. खूप पिसं,
एका पक्ष्याची एवढी असतात वाटलं नसतं.
एक पाय, त्यावर दोरीचा करकोचा.
झोपेत तोल गेला असेल.
कोल्हा असेल.
कोंडा तिनं तिथेच ठेवला, पिसांवर नाही, बाजूला.

अंगणात नातेवाईक जमले होते, केक कापला जात होता.
ती सरळ इनाससमोर जाऊन उभी राहिली.
"कोल्ह्यानं त्याला आधी फेणी पाजली असेल?"
कोणीतरी हसलं, मग हसायचं थांबलं.
इनासनं हातातला पेला खाली ठेवला.
"कालची होती ना पोटात," तो म्हणाला,
"उतरली नसेल तोवर."
"किती वाजता पाजली होती?"
"तीनला."
ती पायरीवर बसली
आणि बोटांवर मोजू लागली,
तीन ते सहा, सहा ते नऊ,
नऊच्या पुढे बोटं पुन्हा पहिल्यापासून.