चौऱ्याऐंशी

शाळेच्या यादीत सातव्या ओळीवर:
आलेख काढणारा कॅल्क्युलेटर, एक.
वर पेन्सिली, खाली नाक पुसायच्या कागदांची खोकी,
आणि मध्येच हा, दीडशे डॉलरचा,
पंगतीत भातानंतर कुणी वीट वाढावी तसा.

टोलेडोत ऑगस्टमधल्या करमाफीचा शेवटचा दिवस.
दुकानात ते कुलूपबंद काचेत,
महागड्या दारूच्या बाटल्यांसारखे.
किल्लीवाला मुलगा जेवायला गेलेला.

शाल्मलीने फोनवर टिपून आणलं होतं:
रंगीत पडद्याचा, चार्ज होणारा,
आणि एक तर समीकरण आपलं आपण सोडवतो,
पायऱ्यांसकट.
पण तो परीक्षेला चालत नाही.
"मग घ्यायचा कशाला?"
"कॉलेजात चालतो. काही कॉलेजांत. काही प्राध्यापकांना."
म्हणजे जास्त येतं
म्हणून दाराबाहेर उभा केलेला.
माझ्या ओळखीचं होतं हे. कुठून, ते सांगत बसले नाही.

बारावीला माझ्याकडे लॉगचं पुस्तक होतं,
आधी मामेभावाचं, मग भावाचं, चाळीसगावचं.
एक पान कोपऱ्यातून फाटलेलं;
बासष्ट ते एकोणसत्तर त्या तुकड्यासोबत गेले.
ती उत्तरं पुढच्या बाकावरच्या सुलभा देवरेच्या वहीतून यायची,
तिच्या चुकांसकट.
आलेखाचा कागद चार आण्याला एक, खाडाखोड परवडायची नाही.
सर म्हणायचे, तुझ्या अन्वस्ताला पोक आलंय गं.

मुलगा आला. छातीवर नाव, ब्रेडन.
किल्ली लावता लावता आमच्याकडे बघून
आवाज उतरवला त्याने:
मन्रो स्ट्रीटवर गहाणवटीचं दुकान आहे, मॅडम.
शाळा संपली की पोरं आणून टाकतात.
मीही टाकला.

तिथे गिटारी, ड्रिल, साखरपुड्याच्या अंगठ्या,
आणि कपड्यांच्या टोपलीत सतरा कॅल्क्युलेटर,
सगळे एकाच मॉडेलचे, चौऱ्याऐंशी.
लक्ष योनी फिरून आलेले दिसतायत, मी म्हटलं.
शाल्मली हसली नाही.
समजावून सांगितलं, तरी नाही.

तिने निवडला त्याच्या पाठीवर कंपासच्या टोकाने कोरलेलं:
डी. कोवाल्स्की, चौथा तास, हात लावू नका.
दुकानवालीने चार सेल दिले.
पडदा राखाडी झाला, अक्ष आले,
बाकी काही नाही.
"बिघडलाय."
"थांब."
आत एक समीकरण होतं, कोवाल्स्कीने न पुसलेलं.
"आलेख आहे गं. खिडकीत मावत नाहीये, एवढंच."
दहाचे तिने तीनशे केले,
आणि खालून, ठिपका ठिपका करत,
तो चढत गेला,
माथ्यापाशी जरा रेंगाळला असं मला वाटलं,
आणि उतरला.
पोक नव्हतं.
"कशाचा आहे?"
"चेंडू असेल. रॉकेट असेल.
गृहपाठ असेल, आई."

चाळीस म्हणाली, मी बत्तीस म्हटलं,
अडतीसला तुटलं, सेल धरून.

गाडीत ती सगळी मेमरी पुसायला निघाली.
परीक्षेआधी पुसावीच लागते म्हणे.
बोट बटणावर ठेवलं, उचललं.
"मेमध्ये पुसेन."

नदीवरच्या पुलाआधीचा सिग्नल लाल होता.
मी म्हटलं, बासष्टचा लॉग सांग बरं.
का, असं न विचारता तिने दाबलं
आणि वाचत सुटली:
एक पूर्णांक सात नऊ दोन तीन नऊ एक सहा
"बास," मी म्हटलं,
"आम्हाला चारच असायचे."
ती वाचतच होती.
मागच्याने हॉर्न दिला.