नट बदलाचा आहे जी

"नट बदलाचा आहे जी," टिकाराम म्हणाला
आणि बाकावरच्या कंपनी-मॅनेजरचा चहा सांडला.
ऐन हंगामात, तेरा नाटकं बुक असताना, कोणता नट?
टिकारामनं खोळ उघडली. बेसगिटार.
मानेच्या टोकाशी चार खाचांची पांढरी पट्टी,
तिलाही नट म्हणतात, हे मलाही त्याच दिवशी कळलं.
मी मोटारींचं वाइंडिंग करतो. वडसा रोड, राइस मिलला लागून.

जाड तारेची खाच झिजून खोल गेली होती.
मोकळी छेडली की खर्ज नाही,
काडेपेटीतल्या भुंग्यासारखी फरफर.
त्यानं स्वतःच इलाज केला होता, खाण्याचा सोडा, वर फेविक्विक.
चार प्रयोग टिकला. पाचव्याला, खुनाच्या प्रवेशात, उडाला.

पंपाच्या बुशाचं पितळ कापून बसवलं.
मोकळी तार अशी खणखणली
की दाबलेली तिच्यापुढे सर्दी झाल्यासारखी.
सागाचा तुकडा लावला. गोड होता,
पण दोन दिवसांत तार त्यात रुतत गेली.
शेवटी डोमाजीकडे गेलो.
चपलेची कड घासायचं त्याचं हाड,
तीस वर्षं तळव्यात फिरून तुपासारखं पिवळं.
कशाला, ते विचारलं नाही. नखानं माप दाखवलं:
एवढं ने. उरलेलं आणून दे.

करवत फिरली तसा जळक्या केसांचा वास आला.
वेल्डिंगच्या नोझलच्या सुयांनी खाचा पाडल्या.
जरा घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, उतरवायची.
हाड घाई करू देत नाही.

मग आतली घरघर.
मागचं झाकण काढलं तर वायरींचं घरटं,
कुणीतरी सिगारेटच्या चांदीनं सारवलेलं.
टिकारामचा हात तारांवर असला की घरघर थांबायची,
उचलला की सुरू.
"तीन वर्षं झाली, हात उचललाच नाही," तो म्हणाला,
"दमा लागला तरी."
ब्रिजखालची काळी वायर निसटली होती.
अर्थ तुटला होता.
कथलाचा एक थेंब.

रात्री कुरखेड्याकडं, धान कापलेल्या बांधीत मंडप.
घरघर परत आली, आता सगळ्यांच्याच पेट्यांतून.
मागं गेलो. जनरेटरची जमिनीशी ओळखच नव्हती.
सब्बल ठोकली ओल लागेपर्यंत,
वर बादलीभर मिठाचं पाणी,
स्वयंपाक्याच्या शिव्या खात.

तिसऱ्या अंकात आई दाराकडं पाहते, बोलत नाही.
ते न बोलणं
पहिल्यांदा शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं.
टिकारामचे दोन्ही हात मांडीवर होते.
मग त्यानं मोकळी तार सोडली
आणि खुर्चीखालची माती माझ्या टाचांना लागली.

डोमाजीचं उरलेलं हाड अजून खिशात आहे.
उद्या देतो, उद्या देतो म्हणताना
माझ्याच अंगठ्याला त्याची सवय लागली.